‘य’ गिळणारे कार्यक्रम

आबिड्सच्या पदपथांवर दर रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात संगणकाची पुस्तकेही मिळतात. सी भाषेच्या त्या पिढीतील पाठ्यपुस्तकांची शिकवण साधी होती: कळ दाबली, एक बाइट हाती आला, तेच अक्षर. इंग्रजीपुरते ते निभावले. परंतु हीच समजूत उराशी धरून आजही डेस्कटॉप कार्यक्रम लिहिले जातात आणि त्याचा भुर्दंड मराठी लिहिणाऱ्याला पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विंडोजमध्ये कळ दाबली की कार्यक्रमाला दोन निराळे निरोप मिळू शकतात. ‘डब्ल्यूएम-कीडाउन’ कोणती कळ दाबली ते सांगतो. ‘डब्ल्यूएम-कॅर’ तिच्यातून कोणता वर्ण उमटला ते सांगतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘य’ तिरप्या रेघेच्या कळीवर आहे, ‘च’ अर्धविरामाच्या आणि ‘ट’ अवतरणचिन्हाच्या. तिरपी रेघ म्हणजे शोध, असे ज्या कार्यक्रमाने पहिल्याच निरोपावरून ठरवले, त्यात ‘यवतमाळ’ लिहू जाता शोधाची चौकट उघडते आणि ‘य’ गडप होतो! ‘ज्ञ’ची तऱ्हा आणखी वेगळी. शिफ्टसह ५ची कळ दाबली की ज, हलन्त आणि ञ असे तीन संकेत येतात. एका कळीमागे एकच वर्ण मोजणाऱ्याचा हिशेब तेथेच चुकतो.

काही कार्यक्रम तर व्यवस्थेची मांडणी बाजूला सारून कळ-अक्षरांचा स्वतःचा तक्ता वापरतात. तो केवळ हिंदीच्या गरजेने बेतलेला असेल, तर ‘ऱ’ त्यात असेलच असे नाही. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. आचाऱ्यांना धाडलेले निमंत्रण आचार्यांना पोचावे, हा विनोद पत्रिकेत खपेल. सातबाऱ्यावरील आडनावात खपणार नाही.

१९५६ पर्यंत मराठवाडा, तेलंगण आणि कन्नड जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. इन्स्क्रिप्टमध्येही या तिन्ही भाषांचे वर्ण एकाच जागी बसतात: ‘ल’च्या कळीवर शिफ्टने ‘ळ’, ‘र’च्या कळीवर ‘ऱ’. म्हणून सीमाभागातील कार्यालयांनी कोणताही कार्यक्रम विकत घेण्यापूर्वी ‘दऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘यवतमाळ’ हे शब्द विक्रेत्यासमोरच उमटवून पाहावेत. तेलुगू भाषकांनाही या मागणीत सोबत घ्यावे. त्यांचा ‘य’ही त्याच तिरप्या रेघेच्या कळीवर आहे.