कण्हेर 'नैसर्गिक' आणि गोळी 'केमिकल'?

हल्ली दुकानात गेलात तर साबणापासून काढ्यापर्यंत कितीतरी वस्तूंवर 'केमिकलविरहित' असे ठळक अक्षरांत छापलेले दिसेल. घरातही कोणी वडीलधारे म्हणतात, "गोळी नको, ती केमिकल. झाडपाल्याचे काही असेल तर द्या. गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही!" या बोलण्याचा शेवटचा भाग मला धोक्याचा वाटतो. तुमच्यापैकी जे पुढे औषधनिर्माणशास्त्राकडे जाणार असतील, त्यांनी तर तो आजच तपासून पाहावा.

त्यासाठी लांब जायला नको. देवळाच्या आवारात तांबडी-पांढरी कण्हेर असते. पिवळ्या फुलांची कण्हेर, म्हणजेच बिट्टी, हिच्या बियांनी मुले खेळतातही. या दोन्ही झाडांचे पान, फूल, बी, काहीही पोटात गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस दगावूही शकतो. (तेव्हा चव घेऊन पाहण्याचा प्रयोग कोणीही करायचा नाही, आणि धाकट्या भावंडांवरही लक्ष ठेवायचे.) झाडाचे ते निर्धोक, असे आपल्या जुन्या वैद्यांनी कधी मानले नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांत करवीर म्हणजे कण्हेर आणि अर्क म्हणजे रुई यांची गणना उपविषांत केलेली आहे.

कण्हेरीसारखेच हृदयावर काम करणारे एक झाड युरोपात उगवते. त्याचे नाव फॉक्सग्लोव्ह, शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. त्याची कथा सांगतो, कारण औषधी रसायनशास्त्राची मुळाक्षरे तिच्यात जवळजवळ सगळी येतात.

हृदय दुर्बल झाले की अंगात पाणी साठते, पाय सुजतात. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील एक म्हातारी या सुजेवर झाडपाल्याचे औषध देई, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगीही तिच्या औषधाने बरे होत. १७७५ साली विल्यम विदरिंग या डॉक्टरांना तिची कृती पाहायला मिळाली. तिच्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. त्यांतली खरे काम करणारी एकच, फॉक्सग्लोव्ह, हे विदरिंगने ओळखले. मग दहा वर्षे त्याने रोग्यांना मोजून मात्रा दिल्या, परिणाम टिपून ठेवले आणि १७८५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. चांगले गुण आलेले रोगी त्यात आहेत, तसे औषध जास्त झाल्यामुळे हैराण झालेलेही आहेत. म्हातारी अडाणी होती असे मी म्हणणार नाही. औषध तिच्याकडे खरोखरच होते. नव्हता तो तराजू.

पण तराजू आला तरी अडचण संपली नाही. पान वजन करून घेता येते, पानातले औषध कसे तोलणार? त्याचे प्रमाण ऋतूप्रमाणे, झाडाच्या वयाप्रमाणे बदलते. विदरिंगलाही हे जाणवले होते. म्हणून झाड फुलायच्या सुमारासच पाने खुडावीत असे त्याने लिहून ठेवले. काम करणारा पदार्थ पानातून शुद्ध रूपात वेगळा काढणे हाच खरा उपाय होता. १९३० साली सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने लोकरी पानांच्या डिजिटॅलिसमधून डिगॉक्सिन वेगळे केले. ते औषध डॉक्टर आजही वापरतात.

आता रेणूकडे पाहू. डिगॉक्सिनच्या एका रेणूत कार्बनचे ४१, हायड्रोजनचे ६४ आणि ऑक्सिजनचे १४ अणू असतात. मध्ये एकमेकांना जोडलेली चार कडी, एका टोकाला साखरेच्या तीन रेणूंची माळ, तर दुसऱ्या टोकाला एक लहानसे कडे. डिजिटॅलिसमध्येच डिजिटॉक्सिन नावाचे याचे भावंड सापडते. त्यात ऑक्सिजनचे अणू १३. फरक एवढाच! पण त्या जादा ऑक्सिजनमुळे डिगॉक्सिनचे पाण्याशी अधिक जमते आणि ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण दीड ते दोन दिवस लागतात. डिजिटॉक्सिन रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहते, त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावते आणि निम्मे व्हायला आठवडाभर लागतो. मूत्रपिंडे अधू असलेल्या रोग्याला डिगॉक्सिन नेहमीच्या मात्रेत दिले तर ते अंगात साठत जाईल, हे तुम्हीच आता सांगू शकाल.

हे रेणू करतात तरी काय? आपल्या पेशींच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ मध्ये दाखवून दिला आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. डिगॉक्सिन या पंपाच्या खाचेत जाऊन बसते. काही पंप थांबले की पेशीत सोडियम वाढते, त्यापाठोपाठ कॅल्शियमही साठते, आणि हृदयाचे स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतात. फार पंप थांबले तर ठोक्यांची लय बिघडते. औषध आणि विष अशा इथे दोन वस्तू नाहीतच. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमचा सुमारे एक अब्जांश भाग डिगॉक्सिन असले तर ते औषध. त्याच्या दोन-तीन पटींवर गेले की धोका सुरू.

कण्हेरीतले रेणूही याच घराण्यातले आहेत आणि त्याच खाचेत बसतात. याचा एक विलक्षण पुरावा श्रीलंकेतून आला. डिगॉक्सिन जास्त झालेल्या रोग्यांसाठी मेंढ्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे वापरतात. ती डिगॉक्सिनचा रेणू ओळखून त्याला पकडतात. पिवळ्या कण्हेरीची विषबाधा झालेल्या रोग्यांना तीच प्रतिपिंडे दिली, तर बिघडलेले ठोके सुधारले. या चाचणीचा निष्कर्ष २००० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. प्रतिपिंडाने रेणूचा आकार तेवढा पाहिला. तो बागेतून आला की कारखान्यातून, याची चौकशी केली नाही!

म्हणून 'केमिकलविरहित' या शब्दावर माझा राग आहे. पाणी रसायन, मीठ रसायन, तुळशीचा वास रसायन. रसायने वगळली तर डबीत उरणार काय? उलट टोकाचा भाबडेपणाही मला पसंत नाही. गोळी शुद्ध आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, हे डिगॉक्सिनने दाखवलेच आहे. आमच्या परीक्षांचीही यात थोडी चूक आहे. 'औषधी वनस्पती व त्यांचे उपयोग' यांच्या जोड्या लावा, असा प्रश्न हमखास येतो. त्यातला कोणता पदार्थ काम करतो, किती मात्रेत, आणि शरीरात किती वेळ राहतो, हे कोणी विचारत नाही. मला विचाराल तर जोड्या लावण्याचे दोन गुण कमी करून ते या प्रश्नांना द्यावेत.

तोवर एक करून पाहा. घरात आजोबा-आजींची औषधे असतील, तर त्यांना विचारून रिकामी झालेली पट्टी मागून घ्या. मोठ्या अक्षरांतल्या व्यापारी नावाशेजारी बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते. पुढे 'आय. पी.' असेल तर ते भारतीय औषधकोशातले आहे असे समजा. त्याच्याही पुढे आकडा असतो. डिगॉक्सिनच्या नेहमीच्या गोळीवर तो ०.२५ मिलिग्रॅम असा दिसेल. म्हणजे एका ग्रॅमच्या चार हजार गोळ्या होतील. चिमटीत धरता यावी म्हणून गोळीत बाकी सगळी भर घातलेली असते.