जवानाचं विमान

जऊळका स्टेशनवर अकोल्याच्या गाडीसाठी थांबलेल्यांत हिरवी किटबॅग दिसली की समजावं, कुणाची तरी रजा संपली. २०१९ मध्ये काश्मीरला जाणारा जवान अकोला, दिल्ली, जम्मू इथवर रेल्वेनं जायचा. पुढे श्रीनगरपर्यंत पावणेतीनशे किलोमीटरांचा घाटरस्ता होता.

बर्फ आणि दरडींनी तो रस्ता फेब्रुवारी २०१९ मध्ये काही दिवस बंद होता. जम्मूत जवान साचत गेले. १४ तारखेला ७८ गाड्यांतून सीआरपीएफचे अडीच हजारांहून जास्त जवान एकदमच निघाले आणि पुलवामातल्या आत्मघाती हल्ल्यात ४० जण गेले. त्यात दोघे आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड.

आठवड्याभरात, २१ फेब्रुवारीला, गृहखात्याचा आदेश निघाला. दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गावर निमलष्करी दलांच्या शिपायालाही, ड्युटीवर असो वा रजेवर, विमानाचं तिकीट मिळेल. लाभ ७ लाख ८० हजार जणांना. भाड्याच्या विमानांची कुरियर सेवा आधीही होती, पण साध्या तिकिटाचा हक्क हुद्द्यावर ठरत होता. शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक त्यात बसत नव्हते. मला ही गोष्ट अजून सलते. घाटातला धोका हुद्दा विचारत नाही.

सीआरपीएफनं पाच विमानं मागितली होती, ती मिळाली नाहीत, असं जम्मू-काश्मीरचे तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक २०२३ मध्ये म्हणाले. विमानसेवा नाकारल्याचं गृहखात्यानं मात्र २०१९ मध्येच फेटाळलं होतं. त्या वादाचा निवाडा मी करू शकत नाही. पण ऐनवेळी विमानं मागावी लागतात, हीच माझी तक्रार आहे.

नागरी विमानं फौजेच्या कामी येणं आपल्याला नवं नाही. २७ ऑक्टोबर १९४७ पासून श्रीनगरला सैन्य उतरवलं, त्यात खासगी कंपन्यांची डाकोटा विमानंही होती. अमेरिकेनं १९५१ पासून याचा पक्का करार बांधलाय. कंपन्या संकटासाठी विमानं आधीच नोंदवून ठेवतात, बदल्यात शांततेच्या काळात त्यांना सरकारी वाहतुकीचं काम मिळतं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून काढलेल्या लोकांना पुढे नेण्यासाठी त्यातली १८ विमानं बोलावली होती.

तसा करार आपल्या निमलष्करी दलांसाठी का असू नये? घाट बंद होऊन जम्मूतला जवानांचा ट्रान्झिट कॅम्प भरला की विमानं कोण देईल, किती तासांत, कोणत्या दरानं, हे बर्फ पडायच्या आधी, दिवाळीतच लिहून ठेवता येईल.

– जऊळकेकर