सहा जहाजं कागदावर, समुद्रात किती?

जून २०२५मधले ते मीम्स आठवतायत? केरळच्या तिरुवनंतपुरम विमानतळावर ब्रिटनचं एफ-३५बी लढाऊ विमान अडकून पडलं होतं. कुणी ते ओएलएक्सवर विकायला काढलं, कुणी त्याला नारळाच्या झाडाखाली आरामात बसवलं. केरळ पर्यटनवाल्यांनी तर त्याच्या नावाने चक्क फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाकला. खराब हवामान आणि कमी इंधन यामुळे १४ जूनला उतरलेलं हे विमान परत निघायच्या वेळी बिघडलं आणि थेट २२ जुलैला उडालं. तेही ब्रिटनहून इंजिनीअर्सची टीम आल्यावर! खोटं कशाला सांगू, त्यातले दोन-तीन मीम्स मीही फॉरवर्ड केले होते.

मग ऑक्टोबरमध्ये ‘कोकण २०२५’ या भारत-ब्रिटन नौदल सरावाची इंग्रजी बातमी मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. ५ ते १२ ऑक्टोबर, भारताचा पश्चिम किनारा, एकीकडे आपली विमानवाहू नौका विक्रांत आणि दुसरीकडे ब्रिटनची एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स. नाव टाइप करताना ट्यूब पेटली. केरळात अडकलेलं विमान याच जहाजावरचं! बातमी दहा ओळींत संपली, पण डोक्यात प्रश्न राहिला. एकेकाळी जगभरच्या समुद्रांवर दादागिरी करणाऱ्या नौदलाची आज नेमकी काय अवस्था आहे? शोधत गेल्यावर जे कळलं, ते मीमपेक्षा बरंच इंटरेस्टिंग आहे.

भारी आहे, यात वाद नाही

आधी कौतुक करू, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. प्रिन्स ऑफ वेल्स आणि तिची थोरली बहीण क्वीन एलिझाबेथ, दोघीही सुमारे ६५ हजार टनांच्या आणि २८० मीटर लांबीच्या. म्हणजे क्रिकेटची दोन मैदानं एकापुढे एक ठेवा, जवळपास तेवढ्या. दोघींचा मिळून खर्च सहा अब्ज पौंडांहून जास्त. एप्रिल २०२५मध्ये पोर्ट्समथहून निघालेली प्रिन्स ऑफ वेल्स भूमध्य समुद्र, हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया, जपान असं करत नोव्हेंबरअखेरीस घरी परतली. आठ महिने! हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

विमानवाहू नौकेला एकटं सोडत नाहीत. वरून येणारी विमानं आणि क्षेपणास्त्रं टिपायला सोबत विनाशिका असते. ब्रिटनकडे यासाठी ‘टाइप ४५’ या वर्गाच्या विनाशिका आहेत. उंच डोलकाठीवरचा गोल सॅम्पसन रडार ही त्यांची ओळख. पुढच्या डेकखाली क्षेपणास्त्रांच्या ४८ नळ्या.

यातली एचएमएस डायमंड २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात गेली. येमेनचे हुथी बंडखोर तेव्हा व्यापारी जहाजांवर हल्ले करत होते. जानेवारी २०२४मध्ये एका रात्रीत डायमंडने सात ड्रोन पाडले. एप्रिलमध्ये एक बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हवेतच उडवलं. ब्रिटिश युद्धनौकेने प्रत्यक्ष संघर्षात क्षेपणास्त्र पाडण्याची १९९१च्या आखाती युद्धानंतरची ती पहिलीच वेळ होती. थोडक्यात काय, तर ही जहाजं नुसती शोभेची नाहीत. वेळ आली तेव्हा त्यांनी काम केलंय.

मग गाडी अडते कुठे?

टाइप ४५ आधी १२ बांधायचं ठरलं होतं. मग आठवर आले. शेवटी बांधल्या गेल्या सहा. आता तुमच्या शेवटच्या ग्रुप प्रोजेक्टची आठवण काढा. कव्हर पेजवर सहा नावं होती, पण रात्री जागून काम करणारे किती होते? टाइप ४५चं बरीच वर्षं असंच चाललं होतं.

कारण होतं इंजिन. या जहाजांमध्ये सगळं विजेवर चालतं. पंखे फिरवणाऱ्या मोटारी, रडार, स्वयंपाकघर, सगळं. ही वीज दोन गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल जनरेटर बनवतात. टर्बाइन नवीन पद्धतीचे होते. बाहेर जाणाऱ्या धुराची उष्णता वापरून इंधन वाचवणारे. कल्पना झकास. पण आखातासारख्या ठिकाणी, जिथे हवाही तापलेली आणि समुद्राचं पाणीही कोमट, तिथे टर्बाइन ढेपाळायचे. सगळा भार जनरेटरवर यायचा. ते एवढे मोठे नव्हतेच, त्यामुळे तेही बंद पडायचे आणि अख्खं जहाज अंधारात. हॉस्टेलवर कुणी गीझर आणि इंडक्शन एकदम लावलं की मजल्याचा एमसीबी पडतो ना, तसंच. फक्त इथे मजल्याच्या जागी आठ हजार टनांची विनाशिका आहे.

२०१६मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर हा विषय आला, तेव्हा कंपन्यांच्या बाजूने उत्तर मिळालं की आखातातली परिस्थिती मूळ मागणीपत्रात धरलेल्या परिस्थितीपेक्षा वेगळी होती. म्हणजे जे जहाज आखातात जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, त्याच्या मागणीपत्रात तिथल्या उष्णतेचा पुरेसा विचारच नव्हता!

उपाय सापडला, पण तो साधा नव्हता. जहाजाचा पत्रा कापायचा, जुने दोन जनरेटर बाहेर काढायचे आणि मोठे तीन आत बसवायचे. एचएमएस डॉन्टलेसवर हे काम आधी झालं आणि ती २०२२मध्ये पुन्हा समुद्रात उतरली. बाकीच्यांचा नंबर एकेक करून लागतोय. आणि या वर्गातली सगळ्यात पहिली, एचएमएस डेअरिंग? ती २०१७मध्ये धक्क्याला लागली आणि पुढची आठ वर्षं मोहिमेवर गेलीच नाही. आठ वर्षं! या काळात कागदावरचा आकडा मात्र कायम सहा.

एकामागे तीन

नौदलात एक साधा हिशेब मानतात. एक जहाज मोहिमेवर ठेवायचं तर साधारण तीन लागतात. एक बाहेर, एक तिथून येऊन दुरुस्तीला लागलेलं आणि एक पुढच्या फेरीसाठी सराव करणारं. एसटीचा डेपो डोळ्यापुढे आणा. दारावरच्या फळ्यावर गाड्या कितीही असोत, आपली एसटी मार्गावर आहे की वर्कशॉपमध्ये, यावर आपलं गावाला पोचणं ठरतं.

विमानवाहू नौका तर दोनच. ऑगस्ट २०२२मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स अमेरिकेला निघाली आणि घराजवळच, आइल ऑफ वाइट बेटापाशी बंद पडली. पंख्याच्या दांड्याचं जोडकाम तुटलं होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये नाटोच्या मोठ्या सरावाला क्वीन एलिझाबेथ निघणार, तर आदल्या दिवशी तपासणीत तिच्याही दांड्याच्या जोडात दोष सापडला. मग आठवड्याभरात तयारी करून प्रिन्स ऑफ वेल्सला पाठवलं. याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. एक बिघडली, ही नामुष्की. दुसरी लगेच निघाली, ही दोन असण्याची कमाई. मला दुसरी बाजू जास्त पटते. कारण यंत्र म्हटलं की ते बिघडणारच. ते बिघडलं तर पुढे काय, याची सोय आधी केलीय का, हा खरा प्रश्न.

दुरुस्तीलाही जागा लागते. एवढी मोठी नौका पाण्याबाहेर घ्यायची तर स्कॉटलंडमधली रॉसाइथची गोदी गाठावी लागते. वाटेत फोर्थ नदीवरचे पूल. खाली जायचं तर ओहोटीची वेळ साधायची, डोलकाठी आडवी करायची आणि हळूच सरकायचं. हे असं कुठल्याही जाहिरातीच्या व्हिडिओत दिसत नाही.

माणसं कुठून आणायची?

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. जहाज पैशाने बांधता येतं, पण दहा वर्षं अनुभव असलेला इंजिनरूममधला तंत्रज्ञ दहा वर्षांनीच तयार होतो. तो चांगल्या पगारासाठी किंवा घरी राहता यावं म्हणून बाहेर पडला, तर त्याची जागा कॅम्पस इंटरव्ह्यूने भरत नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये ब्रिटनने आल्बियन आणि बुलवर्क ही सैनिक आणि वाहनं किनाऱ्यावर उतरवणारी दोन मोठी जहाजं निवृत्त करायचं जाहीर केलं. कागदावर ती २०३०च्या दशकापर्यंत सेवेत राहणार होती. पण ती पुन्हा समुद्रात पाठवायचा बेतच नव्हता, हे सरकारने तेव्हा मान्य केलं. म्हणजे निर्णयाने जहाजं गेली असं नाही, ती आधीच गेलेली होती. यादीतून नाव तेवढं उशिरा कमी झालं.

दुसरं उदाहरण तर अजून बोलकं आहे. विमानवाहू नौकेला अन्न, दारूगोळा, सुटे भाग पोचवायला वेगळं पुरवठा जहाज लागतं. ब्रिटनकडे असं एकच, फोर्ट व्हिक्टोरिया, आणि ते माणसांअभावी धक्क्याला बांधून ठेवलेलं. या ताफ्याचे नाविक २०२४मध्ये पगारासाठी संपावरही गेले होते. मग २०२५च्या मोहिमेत प्रिन्स ऑफ वेल्ससोबत पुरवठ्यासाठी कोण गेलं? नॉर्वेचं ‘मॉड’. अब्जावधींच्या नौकेची शिदोरी शेजाऱ्याच्या डब्यात!

नवं येतंय, पण…

नवी जहाजं बांधली जातायत. ग्लासगोत टाइप २६ या पाणबुडीविरोधी युद्धनौका आणि रॉसाइथला टाइप ३१. टाइप २६ एवढी नावाजलीय की ऑगस्ट २०२५मध्ये नॉर्वेने तीच निवडली. व्यवहार सुमारे १० अब्ज पौंडांचा. पण पहिल्या टाइप २६चा पत्रा कापला २०१७मध्ये आणि ती सेवेत यायला २०२८ उजाडू शकतं. तोवर मदार जुन्या टाइप २३वर. साधारण १८ वर्षं वापरायच्या हिशेबाने त्या बनवल्या होत्या. आता त्यातल्या काही तिशीच्या पुढे गेल्यात.

शस्त्रांचंही असंच. स्वस्तातला ड्रोन पाडायला दहा लाख पौंडांच्या आसपासचं क्षेपणास्त्र उडवायचं, हे फार दिवस परवडणारं नाही. शिवाय त्या ४८ नळ्या संपल्या की भर समुद्रात भरता येत नाहीत, बंदर गाठावं लागतं. म्हणून ‘ड्रॅगनफायर’ हा लेझर २०२७पर्यंत टाइप ४५वर बसवायचं ठरलंय. एका फटक्याचा खर्च सांगतात साधारण १० पौंड. पिझ्झापेक्षा स्वस्त. पण लेझरला वीज लागते आणि वीज म्हटलं की पुन्हा तोच जनरेटर आठवतो, नाही का?

आपला काय संबंध?

संबंध आहे आणि जवळचा आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये भारत आणि ब्रिटनने जहाजांच्या इलेक्ट्रिक प्रोपल्शनवर एकत्र काम करायच्या इराद्यावर सह्या केल्या. आपल्या नौदलाच्या पुढच्या मोठ्या उभयचर जहाजांसाठी हे तंत्रज्ञान हवंय. गेल्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत आले, तेव्हाही हा विषय निघाला. तंत्र चांगलंच आहे. पण टाइप ४५ जिथे धापा टाकत होती, ते कोमट पाणी आपल्यासाठी परदेश नाही, रोजचं अंगण आहे. त्यामुळे पहिला प्रश्न आपण विचारायला हवा : मेमधल्या अरबी समुद्रात हे कसं चालेल?

ब्रिटनला हसताना घरचंही विसरायला नको. जुलै २०२४मध्ये आपल्या आयएनएस ब्रह्मपुत्रला मुंबईच्या गोदीत दुरुस्ती चालू असतानाच आग लागली, जहाज कलंडलं, एका नौसैनिकाचा जीव गेला. दुरुस्तीची गोदी ही युद्धभूमीइतकीच गांभीर्याने घ्यायची जागा आहे.

आणि एक अभिमानाची गोष्ट. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याचं नेतृत्व करणारी एचएमएस हर्मिस ब्रिटनने दोनच वर्षांत निवृत्त केली. आपण ती घेतली, १९८७मध्ये ती ‘विराट’ झाली आणि २०१७मध्ये मुंबईत निरोप घेईपर्यंत तीस वर्षं चालली. ती चालली कारण गोदीतल्या शेकडो हातांनी तिला चालवलं. शेवटी शेवटी तिचेही बरेच दिवस दुरुस्तीतच जायचे, हेही खरं.

पोर्ट्समथ बंदराच्या तोंडाशी राउंड टॉवर नावाचा जुना बुरूज आहे. जहाज निघालं की नौदलवेडी मंडळी कॅमेरे घेऊन तिथे जमतात. जहाज किती टनांचं, नळ्या किती हे त्यांना पाठच असतं. त्यांचा जीव अडकलेला असतो तो दुसऱ्याच गोष्टीत : आज कोण बाहेर पडलं आणि कोण अजून धक्क्यालाच आहे? पुढच्या वेळी ग्रुपवर ‘कुणाची नेव्ही भारी’ यावर वाद पेटला आणि कुणी जहाजांची यादी टाकली, तर तुम्हीही एवढंच विचारा, ‘यातली आज किती निघतील?’ बघा, ग्रुप कसा शांत होतो ते!