‘मग नारळीकर चुकलेच ना?’

१/ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्याविषयी बोलताना मुर्ध्याच्या एका विद्यार्थिमित्राने विचारले, “महास्फोट त्यांनी मानला नाही, मग ते चुकलेच ना?” प्रश्न टाळण्याजोगा नाही.

२/ जन्म कोल्हापूर, १९३८. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. तेथूनच १९५७ मध्ये बी.एस्सी. होऊन जयंतराव केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले.

३/ हॉइल, बाँडी व गोल्ड यांचा १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धान्त सांगत होता : विश्व प्रसरण पावते, परंतु नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून घनता कायम राहते. अशा विश्वाला आरंभ नाही. नारळीकरांनी या पक्षाची गणिती बाजू समर्थपणे लढवली.

४/ १९६५ मध्ये पेन्झियास व विल्सन यांनी सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर केला आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह नारळीकरांनी सुधारित प्रतिकृती मांडली. तीही बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही.

५/ हा हट्ट होता काय? माझ्या मते नव्हे. हटवादी मनुष्य सत्ता हाती येताच पंथ उभारतो. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभारली. तेथे महास्फोटाच्या चौकटीतील संशोधनही बहरले. संचालकाचे मत ही संस्थेची श्रद्धा झाली नाही.

६/ नावापेक्षा काम तपासावे, ही त्यांची जुनी सवय. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आद्याक्षरे स्वतःचीच, पण उलटी! कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

७/ हाच निकष त्यांनी फलज्योतिषाला लावला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह केलेल्या चाचणीत कुंडलीवरून मूल हुशार की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण तेवढेच साधते.

८/ म्हणून त्या मित्रास माझे उत्तर : आजच्या पुराव्यानुसार त्यांचा सिद्धान्त हरला, हे निःसंकोच लिहावे. पण जो सिद्धान्त हरू शकतो, तोच विज्ञानाचा असतो. इतिहासाने केवळ विजेत्यांची यादी ठेवली, तर बहुमताविरुद्ध गणित मांडण्याचे धैर्य पुढच्या पिढीने कोठून शिकावे?