शिक्कामोर्तब कोणाचे?

आषाढ सरत आला आणि पंचगंगेचे पाणी चढू लागले की, कोल्हापुरातील लक्ष्मीपुरी-शाहूपुरीच्या करसल्लागारांच्या कार्यालयांतून एकच संवाद दिवसभर ऐकू येतो. "अण्णा, मोबाईलवर सहा आकडी नंबर आलाय काय? तेवढा सांगा." पलीकडे निवृत्त शिक्षक असलेले अण्णा चष्मा शोधतात, आकडे वाचून दाखवतात आणि त्यांचे विवरणपत्र सत्यापित होते. त्या विवरणपत्रात काय भरले आहे, हे अण्णांनी पाहिलेले नसते. आपण आता सही केली, हे तर त्यांच्या गावीही नसते.

वास्तविक सहीचे मोल मराठी माणसाला नव्याने सांगण्याची गरज नाही. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर संपताच मोर्तब उमटे. मोर्तबानंतर एक ओळही घुसडता येऊ नये, ही त्यामागची दक्षता. 'शिक्कामोर्तब' हा शब्द तेथूनच आपल्या बोलीत आला. लिहिता न येणारा पाटीलही महजरावर नांगराची निशाणी करी, ती गोताच्या समक्ष. त्याही मागे जावे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिशेबनिसांनी आषाढी पौर्णिमेला मोहोरबंद वह्या आणि मोहोरबंद शिल्लक घेऊन हजर व्हावे, असा दंडक आहे. आपल्या आयकराची ३१ जुलै ही परिचित तारीखही आषाढाच्याच आसपास येते, हा योगायोग मोठा गमतीचा.

संगणकाद्वारे विवरणपत्र भरणे सुरू झाले, तेव्हा कागद गेला तरी सही राहिली होती. आयटीआर-व्ही नावाची एका पानाची पोच छापायची, निळ्या शाईत सही करायची आणि टपालाने बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडे धाडायची, अशी ती पद्धत. २०१४ साली १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १४० मधून 'स्वाक्षरी' हा शब्द वगळण्यात आला आणि 'सत्यापन' तेवढे उरले. पुढच्याच वर्षी, २०१५ च्या जुलैत, आधार क्रमांकाशी जोडलेल्या मोबाईलवरील किंवा बँकेमार्फत मिळणारा संकेतांक हेच सत्यापन मानले जाऊ लागले. सामान्य करदात्याची केवढी पायपीट वाचली! या सुधारणेचे श्रेय नाकारणे करंटेपणाचे ठरेल.

परंतु सही सोपी झाली म्हणून जबाबदारी हलकी झालेली नाही. विवरणपत्राच्या अखेरीस, वरील माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे, अशी गंभीर घोषणा असते. अण्णांनी फोनवर सांगितलेले सहा आकडे म्हणजे ती घोषणा. ती जाणूनबुजून खोटी केल्यास १९६१ च्या कायद्याने कलम २७७ मध्ये कारावास सांगितला होता. २०२५ साली संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यानेही हे तत्त्व सोडलेले नाही.

हा धोका काल्पनिक नव्हे. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणारे मध्यस्थ हे या कारवाईचे लक्ष्य होते. घाऊक विवरणपत्रे भरण्यासाठी हे लोक तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत आणि काम होताच टाकून देत. विभागाच्या नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर पडून राहत. नोटीस ज्याच्या नावाची त्याला तिचा पत्ताच नसे! आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी सुधारित विवरणपत्रे भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असे विभागानेच सांगितले. यांतील सगळेच लबाड होते, असे कोण म्हणेल? कितीतरी जणांनी केवळ आकडे वाचून दाखवले असतील.

सुशिक्षित उद्योजकांनी अण्णांना हसू नये. कंपनीच्या विवरणपत्राला डिजिटल स्वाक्षरी लागते. ही स्वाक्षरी मजकुराशी अशी बांधलेली असते की, नंतर एक अक्षर बदलले तरी फरक उघड होतो. गुप्त किल्ली स्वाक्षरीकर्त्याने आपल्याच ताब्यात सांभाळावी, असे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा बजावतो. प्रत्यक्षात उद्यमनगरातल्या किती मालकांचे ते टोकन सल्लागाराच्या खणात, पिन लिहिलेल्या चिठ्ठीसह पडून असते? तिजोरीची किल्ली कोणी अशी परक्याकडे ठेवत नाही.

एकत्र हिंदू कुटुंबाच्या विवरणपत्राचे सत्यापन कर्त्याने करायचे असते. कर्ता परदेशी असेल किंवा मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल, तरच अन्य सज्ञान सदस्याला तो अधिकार मिळतो. घरोघरी मात्र संकेतांक येतो तो पुण्यातल्या चिरंजीवांच्या मोबाईलवर, आणि चिरंजीव बैठकीत असतात.

दोष सगळा करदात्याचा नाही. १ ऑगस्ट २०२२ पासून सत्यापनाची मुदत १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आणली गेली. त्यानंतर सत्यापन केल्यास विवरणपत्र त्या दिवशी भरले असे धरतात. म्हणजे विलंबशुल्क आले आणि तोटा पुढे ओढण्याचा हक्कही धोक्यात आला. संकेतांकाची सोय नसलेल्यांना कागद पाठवण्याची मुभा आहे. मात्र २०२२ मध्ये कागद टपालात टाकल्याचा दिवस ग्राह्य होता, तर २०२४ च्या अधिसूचनेने तो बंगळुरूत पोहोचल्याचा दिवस प्रमाण मानला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. त्या वर्षी विवरणपत्राची मुदत नेमकी ३१ ऑगस्ट होती. तेव्हा १२० दिवस हाताशी होते म्हणून निभावले. आज तसाच पूर आला, तर शिरोळ तालुक्यातील एखाद्या वृद्धेने वेळेत टपालात टाकलेला कागद उशिरा पोहोचला, याचा दंड तिने का भरावा? टपालाचा शिक्का हा सरकारचाच शिक्का आहे. त्यावरची तारीख पुन्हा ग्राह्य धरावी, ही मागणी येथील व्यापारी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी अर्थमंत्रालयापर्यंत न्यायला हवी.

करसल्लागारांनाही एक गोष्ट करता येईल. संकेतांक मागण्यापूर्वी एकूण उत्पन्न, दाखवलेल्या वजावटी आणि परतावा हे तीन आकडे फोनवर वाचून दाखवावेत. त्याला दोन मिनिटे लागतात. आणि अण्णांनी ते ऐकल्याखेरीज सहा आकडे सांगू नयेत.