खामदेवाची जत्रा वहीत का येत नाही?

'माझा आवडता पक्षी' हा निबंध तेलंगणातल्या नार्नूरच्या आसपास मराठी माध्यमाच्या कुठल्याही वर्गात द्या, निम्म्याहून जास्त वह्यांत मोर येतो. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे, पावसाळ्यात तो पिसारा फुलवून नाचतो, त्याचा रंग निळा असतो, मला मोर खूप आवडतो. संपला निबंध. आता यातल्या एका वहीचा मालक कोण आहे ते पाहा. त्याचा काका दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारी नाचात गुसाडी होतो. मोरपिसांचा तो भलाथोरला टोप त्यांच्या घरात वर्षभर जपून ठेवलेला असतो, आणि उगाच कुणी उठून त्याला हात लावत नाही. इथून जवळच्या मार्लवाईच्या कनक राजूंना याच गुसाडी नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. मोरपीस म्हणजे काय हे ज्या घराला इतकं ठाऊक आहे, त्या घरातला मुलगा मोरावर लिहायला बसतो आणि गाईडातल्या पाच ओळी उतरवून मोकळा होतो. टोपाबद्दल अवाक्षर नाही.

मी या भागात मराठी शिकवते. माझं म्हणणं सरळ आहे: तिसरीपासून आठवीपर्यंत मुलांकडून जे लिहून घेतलं जातं, त्यातलं निम्मं तरी त्यांच्या स्वतःच्या आवडीतून आणि घरी ऐकलेल्या गोष्टींतून आलं पाहिजे. सणासुदीला एखादा 'गंमत म्हणून' तास देऊन भागणार नाही. नेहमीचं, गुण असलेलं, तपासलं जाणारं लेखन म्हणून ते व्हायला हवं.

आमच्या वर्गाची परिस्थिती पुण्या-नाशिकच्या वाचकांनी समजून घ्यावी. एका बाकावर घरी गोंडी बोलणारी मुलगी असते, तिच्या शेजारी तांड्यावरची बंजारा बोली बोलणारी, मागे कोलाम पाड्यावरचा मुलगा, पलीकडे आंध समाजातला, ज्याची मराठी पुस्तकातल्या मराठीहून बरीच वेगळी आहे. बसस्टँडवर तेलुगू. पाट्या तेलुगू आणि इंग्रजी. फळ्यावर प्रमाण मराठी. म्हणजे यातल्या बहुतेक मुलांसाठी लिहायची भाषा आधीच परकी आहे. त्यात 'समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ' किंवा 'मी केलेला विमानप्रवास' असा विषयही परका दिला, तर मुलापुढे उतरवून काढण्याशिवाय दुसरी वाट राहत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो. खरं तर उभं राहायला त्याच्या पायाखाली जमीनच ठेवलेली नसते.

माझ्या वर्गातला एक मुलगा 'माझी शाळा' या विषयावर चार ओळींच्या पुढे कधी गेला नाही. ट्रॅक्टर हे त्याचं वेड. भाड्याचा ट्रॅक्टर कुणाचा, नांगरटीला किती वेळ लागतो, काळ्या चिखलात चाक रुतलं तर ट्रॉली आधी का सोडवायची, सगळं तोंडपाठ. एकदा त्याला म्हटलं, ज्याला ट्रॅक्टरचं काहीच कळत नाही अशा माणसाला चिखलातून तो बाहेर कसा काढायचा ते लिहून सांग. त्यानं पान भरलं आणि दुसरा कागद मागितला. ऱ्हस्व-दीर्घ पार कोलमडलेलं होतं. पण त्या लिखाणात मला 'म्हणून' दिसलं, 'नाहीतर' दिसलं, 'जर पाऊस चालू असला तर' दिसलं. शाळेच्या निबंधात त्याची प्रत्येक ओळ 'आहे'वर संपायची, एकीचा दुसरीशी संबंध नसायचा. वाक्याला वाक्य जोडणारे हे शब्द व्याकरणाच्या तासाला मी कितीदा शिकवले होते. ते वापरायची गरज मात्र त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पडली, कारण समजावून सांगण्यासारखं काहीतरी त्याच्यापाशी होतं. लेखन शिकवणं म्हणजे ही गरज निर्माण करणं, असं मी आता मानते.

मग घरी ऐकलेल्या गोष्टींची, परीकथांची काय गरज, नुसती आवड पुरे की? पुरत नाही. आवडीतून माहिती येते, तपशील येतो; गोष्टीतून बांधणी येते. कुणाला तरी काहीतरी हवं असतं, वाटेत अडचण येते, एकदा फसतं, दोनदा फसतं, तिसऱ्यांदा युक्ती चालते. हा सांगाडा मुलाच्या कानात आजीनं आधीच बसवून दिलेला असतो. शिवाय गोष्टीत मुलाला आडोसा मिळतो. वसतिगृहात राहणारी एक मुलगी स्वतःबद्दल काही विचारलं की मान खाली घालायची. मी वर्गात म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, हा भोपळा आपल्या भागात आणा. तिच्या गोष्टीत भोपळा उटनूरच्या घाटातून गडगडत आला, बिबट्याला चुकवलं, कापसाच्या गाडीखालून निसटला आणि वसतिगृहाच्या फाटकाशी थांबला. आत म्हातारी नव्हतीच. रिकामा भोपळा एका मुलीला न्यायला आला होता, आणि वॉर्डनला तो दिसत नव्हता. 'मला घरची आठवण येते' असा विषय देऊन यातलं काय हाती लागलं असतं?

इटलीतल्या ज्यानी रोदारी या बालसाहित्यिकानं 1973 साली गोष्टी कशा जुळवाव्यात यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो मुलांना लाल टोपीवालीच्या गोष्टीतले ओळखीचे शब्द देतो, मुलगी, जंगल, फुलं, लांडगा, आजी, आणि त्यांच्यात मध्येच एक हेलिकॉप्टर टाकतो. ओळखीच्या गोष्टीत एक अनोळखी वस्तू पडली की मुलाला स्वतः विचार करावाच लागतो. गाईडात ते उत्तर नसतं. आपल्याकडे तर गिजुभाई बधेकांनी 'दिवास्वप्न'मध्ये आपल्या शिक्षकाला वर्गात सर्वात आधी गोष्टच सांगायला लावली. ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात आल्या, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर अनुताई वाघांबरोबर उभ्या राहिल्या. ही आपलीच परंपरा आहे. बालवाडीत ती टिकली, पण मूल लिहायला लागलं की आपण ती दाराबाहेर ठेवतो.

इथे एक भेद मात्र मला महत्त्वाचा वाटतो. पहांदी कुपार लिंगोची कथा परीकथा नव्हे. गोंडांचे भाट असलेले परधान किकरी हे तंतुवाद्य वाजवत जे गातात, ते गोंडांचं धर्मपुराण आहे, आणि ते कुणी, केव्हा, कुणापुढे म्हणायचं याची रीत आहे. शिक्षकानं ते उचलून 'यात आता हेलिकॉप्टर घाला' म्हणणं हा अपमान होईल. त्या कथा लिहायच्याच असतील तर मुलानं घरच्या थोरांना विचारून, ऐकलं तसं लिहावं. मोडतोड करायला थंडीत शेकोटीशी सांगितल्या जाणाऱ्या कोल्ह्याच्या, म्हातारीच्या, राक्षसाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. कुठली गोष्ट कुठल्या प्रकारातली हे मुलांना विचारा. ती अचूक सांगतात.

आणि हे सगळं नार्नूरमध्ये म्हणायला एक खास कारण आहे. आमच्याच मंडळातल्या, म्हणजे तालुक्यासारख्या भागातल्या, गुंजाला गावात हैदराबाद विद्यापीठाच्या संशोधकांना 2006 साली गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं सापडली. प्रा. जयधीर तिरुमलराव त्या कामात पुढे होते. ती लिपी आज गुंजाला गोंडी या नावानं ओळखली जाते. 2018 साली ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे जगातल्या कुठल्याही संगणकावर तिला जागा मिळाली. त्याही आधी, 1943 साली, निजामाच्या राजवटीत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाईला गोंड शिक्षक घडवायला सुरुवात केली, तेव्हा मुलांसाठी गोंडीतली पुस्तकं देवनागरीत छापली गेली. ज्या मुलखात लोकांनी स्वतःचं ऐकलेलं-पाहिलेलं स्वतःच्या अक्षरांत लिहून ठेवलं, तिथल्या मुलांना 'याला लिहिता येत नाही' हा शेरा मी मारणार नाही.

सहकारी विचारतात, परीक्षेचं काय? राज्याच्या भाषेच्या पुस्तकांत धड्याखाली स्वतःच्या शब्दांत लिहायचे, कल्पनेनं लिहायचे प्रश्न असतातच. एफएमध्ये, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात, लेखनकार्याला आणि प्रकल्पाला वेगळे गुण असतात. जागा आहे, ती आपण छापील उत्तरांनी भरतो. पालक विचारतात, 2022-23 पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आलं, आता मराठीत गोष्टी लिहून काय मिळणार? त्यांची काळजी खोटी नाही. पण ज्या मुलाला चिखलातला ट्रॅक्टर एका भाषेत समजावून सांगता आला, त्याला दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शोधावे लागतील. ज्यानं कधीच काही समजावून सांगितलं नाही, त्याला दोन्ही भाषांत पाठच करावं लागेल.

शुद्धलेखन सोडा असं मी म्हणत नाही. पहिल्या खेपेला घरचे शब्द, मोडकी वाक्यं, सगळं येऊ द्यावं आणि लाल शाई बाजूला ठेवावी. दुसऱ्या खेपेला तीच गोष्ट मुलाबरोबर बसून नीट करावी. स्वतःची गोष्ट नीट व्हावी असं मुलाला वाटतं. उतरवलेल्या मोराबद्दल त्याला तसं काही वाटत नाही.

पुष्य पौर्णिमेला नार्नूरला खामदेवाची जत्रा भरते. तोडसम कुळाचे लोक तेलंगणातून आणि महाराष्ट्रातून जमतात, कुळातली एक स्त्री तिळाचं तेल पिऊन परंपरा पाळते. आमची मुलं तिथेच असतात, त्या दिवसांत पट निम्मा रिकामा असतो. आणि 'माझ्या गावची जत्रा' या निबंधात आकाशपाळणा, फुगेवाला आणि बत्तासे येतात. या जत्रेनंतर माझ्या वर्गाला मी तीनच गोष्टी लिहायला सांगणार आहे: तू स्वतः काय पाहिलंस, घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याबद्दल काय सांगितलं, आणि त्या गर्दीत हरवलेल्या एका बकरीची तू रचलेली गोष्ट. अशा वह्या तपासायला गाईडातल्या निबंधांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. दुसऱ्या खेपेच्या लिखाणासाठी आठवड्याला एक तास वेळापत्रकात धरावा, आणि त्या तासाला शिक्षकाला दुसरं काम लावू नये, एवढी मागणी मुख्याध्यापकांकडे आणि मंडळ शिक्षणाधिकाऱ्यांकडे आहे.