संज्ञापनविद्या आणि तिचा श्रोता

विद्यापीठांतून संज्ञापनविद्या शिकवावी की शिकवू नये, हा वाद आता उरलेला नाही. ती शिकविली जाते. वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रवाणी व जाहिरात या क्षेत्रांत तिचे पदवीधर दरवर्षी प्रवेश करतात. या विद्येच्या अस्तित्वास आमची हरकत नाही. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तो श्रोताच आपल्याकडील अध्यापनात उपेक्षित राहिला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या विषयाच्या प्रास्ताविक पुस्तकांत एक आकृती हटकून आढळते. डावीकडे संदेशाचा उगम, मग प्रेषक यंत्र, मध्ये मार्ग व त्यात मिसळणारा गोंगाट, उजवीकडे ग्राहक यंत्र आणि शेवटी मुक्कामाचे ठिकाण. ही आकृती क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाची. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी ती १९४८ साली प्रसिद्ध केली, आणि संदेशाच्या अर्थाशी आपल्या प्रश्नास कर्तव्य नाही, हे आरंभीच बजावले. संकेत पलीकडे बिनचूक कसे पोहोचवावेत, एवढेच त्यांना शोधावयाचे होते आणि त्या कामी त्यांचा सिद्धान्त अजोड ठरला. तारेसाठी घेतलेले माप पुढे माणसांस लावले गेले, त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

त्याच वर्षी हॅरल्ड लासवेल यांनी कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणास आणि कोणत्या परिणामाने सांगतो, असे पाच प्रश्न मांडले. येथे श्रोता आला खरा. पण ज्याच्यावर परिणाम घडावयाचा, एवढ्याच नात्याने. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर बोलणारा कर्ता झाला आणि ऐकणारा कर्म. पाश्चात्त्य पंडितांस ही उणीव पुढे जाणवली नाही असे नाही. प्रेक्षक आपल्या स्थितीप्रमाणे संदेशाचा अर्थ लावतो, कधी तो साफ नाकारतोही, हे स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली मांडले. आमचा विद्यार्थी तेही पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवितो. स्वतःच्या तालुक्यातील प्रेक्षकावर ते पडताळून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर बहुधा येत नाही.

वास्तविक श्रोत्याचा विचार मराठी मनास परका नाही. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधान मागतात. ही केवळ विनयाची रीत म्हणून सोडून देता येत नाही; वक्तृत्व श्रोत्याच्या आधाराने फुलते, ही त्यामागची धारणा आहे. समोरची मंडळी पाहून कीर्तनकार दृष्टान्त बदलतो, आख्यान आखडते घेतो किंवा वाढवितो. हे ज्ञान अभ्यासक्रमात ‘लोकमाध्यमे’ या मथळ्याखाली एखाद्या प्रकरणात कोंडले जाते. सिद्धान्ताचा मान त्यास मिळत नाही.

कोणी म्हणेल, ही जुन्याची भक्ती झाली. शास्त्रास प्रयोग हवा. तर प्रयोगही आपल्याच भूमीवर झालेला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांतून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. मंडळी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून पुणे केंद्राचा कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्यापेक्षा मंडळांच्या गावांत ज्ञानाची भर पुष्कळच अधिक पडली, असे तीत दिसून आले. कार्यक्रम तेच, लहरीही त्याच. भेद पडला तो ऐकणाऱ्यांच्या आपसांतील बोलण्याने. शॅनन यांच्या आकृतीत या बोलण्यास जागाच नाही. आणि या प्रयोगाचा अहवाल निघाला तोही इंग्रजीत!

शास्त्रास मायदेश नसतो, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. गुरुत्वाकर्षणापुरता तो खरा आहे. परंतु माणूस माणसाचे बोलणे कसे समजून घेतो, हे भाषा, जात, स्त्रीपुरुषभेद आणि गावाची घडण यांवाचून कळणे अशक्य आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली आपल्या पाक्षिकास ‘मूकनायक’ हे नाव दिले. बोलण्याचा अधिकारच ज्यांस नाकारला गेला, त्यांचे संज्ञापन कोणत्या आकृतीत बसवावयाचे, हा प्रश्न त्या एका नावात आहे. आणि तो येथल्या विद्यापीठांनी विचारावयाचा नाही, तर कोणी?

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. विद्यार्थ्यांस नोकरी हवी, त्यास यंत्रे हाताळता आली पाहिजेत, हे आम्हांस मान्य आहे. पण यंत्रे दर पाच वर्षांनी बदलतात आणि ती चालविण्याचे कसब कचेरीत काही महिन्यांत हस्तगत होते. लोकांचे ऐकून घेण्याची सवय तेथे कोणी लावीत नाही. ती विद्यापीठात लागली नाही तर जन्मभर लागत नाही. मग दुष्काळी गावात गेलेला बातमीदार आपणच योजलेले उत्तर शेतकऱ्याच्या तोंडी घालून परततो.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे: एका गावातील किंवा एका वस्तीतील लोक काय ऐकतात, कोणावर विश्वास ठेवतात आणि कशावर गप्प बसतात, याचा स्वतः हिंडून केलेला मराठी वृत्तान्त सादर केल्यावाचून येथे कोणासही या विषयाची पदवी मिळू नये. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. अध्यापकांनी विद्यार्थ्यांबरोबर एस. टी.ने तालुक्याच्या गावी जावे, एवढेच लागते.